पोनिराचा बांध

पोनिरा आमच्याकडे कामाला आली त्या दिवशी मी तिला तीन सूचना दिल्या आणि तिनं तिन्ही धाब्यावर बसवल्या. कांदा बारीक चिरायचा, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि मला विचारल्याशिवाय घरातली एकही वस्तू हलवायची नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून परतले तर कांदा जाडाभरडा, कुंड्या कोरड्या, आणि बाल्कनीतली लाल पानांची कुंडी थेट दाराबाहेर, उंबऱ्याच्या डाव्या अंगाला.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, हे झाड आत नाही ठेवत. हे हद्दीवर असतं," ती तिच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली आणि जाड कांद्याची भजी तळायला निघून गेली. भजी उत्तम झाली होती, म्हणून मी गप्प बसले. शिवाय कुंडीवरून भांडण काढायचं त्राण मला नव्हतं. नर्सरीतून शोभेचं म्हणून आणलेलं झाड ते. दाराबाहेर ठेवलं काय नि आत ठेवलं काय!

ही गोष्ट २०१३ची. दोहाच्या अल अझीझिया भागात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माझा नवरा विजय मेट्रोच्या कामावर इंजिनिअर, मी एका ऑफिसात हिशेबाची मॅनेजर आणि आमची लेक नुपूर तेव्हा पाचवीत. कतारला वर्ल्ड कप मिळून तीन वर्षं होत आली होती आणि सगळं शहर खणून ठेवलं होतं. पुढे पुढे तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टेडियमच्या क्रेन दिसायच्या. आमच्या घरात तेव्हापासून एक वाक्य रुजलं: वर्ल्ड कपनंतर बघू. युरोपची ट्रिप वर्ल्ड कपनंतर, नाशिकच्या घराचं रंगकाम वर्ल्ड कपनंतर, विजयची दुखरी पाठ डॉक्टरला दाखवणं वर्ल्ड कपनंतर.

पोनिराला हे वाक्य कधी कळलंच नाही. काम दिसलं की ते आत्ता करायचं, एवढंच तिला माहीत. ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. चणीनं बारीक, पायात भिंगरी, जावा बेटावरच्या बान्युमास भागातल्या करांगजाती नावाच्या खेड्यातली. त्यांच्याकडे आपल्या सात वारांबरोबर पाच दिवसांचा आणखी एक आठवडा चालतो. त्यातल्या 'पोन' या दिवशी जन्मली म्हणून पोनिरा. लग्न झालं होतं, पण नवरा कामाला म्हणून सुमात्राला गेला तो गेलाच. मग ही उठली आणि रियाधला घरकामाला गेली. सात वर्षं तिथे काढून गावी परतली, तीन वर्षं आजारी आईची सेवा केली, आई गेल्यावर पुन्हा निघाली ती आमच्याकडे.

तिला मराठी शिकवली माझ्या सासूबाईंनी. हौसाबाई दर हिवाळ्यात सिन्नरजवळच्या गावाहून आमच्याकडे यायच्या. त्यांना मराठीखेरीज कुठलीच भाषा येत नाही आणि येत नाही याचं त्यांना दुःखही नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मेथी निवडता निवडता त्या पोनिराशी घडाघडा बोलत, आणि दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ही बाई अल मन्सूरातल्या मल्याळी वाण्याला "काय बाई भाव लावला हाय!" असं ऐकवू लागली. मध्ये मध्ये रियाधची अरबी पेरलेली असायची. नुपूर शाळेतून येऊन आमच्याशी इंग्रजीत बोलायची आणि जावाची पोनिरा आमच्याशी सिन्नरच्या मराठीत. पाहुणे आले की आम्हाला जरा लाजच वाटायची.

त्या दोघींच्या बोलण्याचा विषय एकच. शेत. मी नाशिक शहरात वाढलेली. शेतातलं मला हुरडा तेवढा कळतो. पण मी चहा घेऊन तिथेच रेंगाळायची.

पोनिराच्या गावात भात. डोंगराच्या पायऱ्यांवर पाणी भरलेली छोटी छोटी शेतं, मध्ये एक पाऊल मावेल एवढे बांध. पाण्याची पाळी घटकेघटकेनं वाटलेली, लावणी बायकांनी करायची, कापणीला गाव लोटायचं. गाव मुसलमानांचं, पण पहिली लोंबी कापण्याआधी भाताच्या देवीला केळीच्या पानावर नैवेद्य.

"देवीचं नाव काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"श्री."

"म्हंजी आपली लक्ष्मीच की!" सासूबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी निवडलेली मेथी नि काड्या एकत्रच केल्या.

मग वाटणीची गोष्ट निघाली. करांगजातीत आईबाप हयात असतानाच मुलांना समोर बसवून बोटानं दाखवतात, हे तुझं, हे तुझं. शेवटपर्यंत जे लेकरू आईबापांचं करील त्याला राहतं घर.

"आन् पोरींना?" सासूबाईंनी विचारलं.

"पोरींना बी."

सासूबाई खाली बघून मेथी निवडत राहिल्या. मी मात्र बोलले. मी म्हटलं, आमच्याकडे पण कायद्यानं मिळतं, पण चांगल्या घरच्या मुली घेत नाहीत. वडील गेल्यावर दादाला म्हणजे हरिदासला मी दिंडोरीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं, हसत हसत. दादानं पैठणी दिली, रजिस्ट्रार ऑफिसातच पेढे वाटले. माहेर टिकतं असं केल्यानं.

पोनिराला 'हक्कसोड' समजवायला सासूबाईंना बराच वेळ लागला. समजल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुमचं शेत आता कुठे?"

"सांगितलं ना, दादाकडे."

"ते दादाचं. तुमचं कुठे?"

मला त्या बाईचा राग आला. चहा तिथेच ठेवून मी उठले.

पोनिराचं स्वतःचं शेत होतं, आणि त्याबद्दल ती बोलायला लागली की तिचा चेहरा बदलायचा. आईच्या घराच्या खालच्या अंगाला साधारण सतरा गुंठे. रियाधला असताना तिनं कमाईतून ते घेतलं. घेतलं म्हणजे मोठ्या भावानं, तुकिमाननं, तिच्या वतीनं घेतलं. तिथेच ती चूक झाली. गावच्या कारकुनाचा नियम होता, जो हजर त्याचं नाव. पोनिरा रियाधला, मग पावतीवर आणि गावच्या वहीत नाव लागलं तुकिमानचं. तिनं तेव्हा हरकत घेतली नाही. तिच्या गावात कागद कुणी वाचत नसे. तिथे शेत कुणाचं हे जेवणावरून ठरायचं. नवीन शेत घेणारानं हद्दीवरच्या चारही शेजाऱ्यांना बांधावर बसवून भात वाढायचा. ज्यानं त्या बांधावर खाल्लं तो जन्मभराचा साक्षीदार. पोनिरा रियाधहून परतली त्या वर्षी तिनं तसं जेवण घातलं होतं, हळद आणि नारळाच्या दुधातला पिवळा भात रचून. चार कोपऱ्यांवर लाल पानांची झाडं लावली होती, माझ्या कुंडीत होती तसलीच. तिकडे ती झाडं हद्दीची खूण असतात. शेत कसायचा तुकिमान, अर्धं पीक त्याचं, अर्धं बहिणीचं. सात वर्षं सगळं सुरळीत चाललं.

२०१७च्या सप्टेंबरात तुकिमानचा फोन आला. सरकारनं गावोगाव जमीन मोजून पक्के दाखले द्यायचं काढलं होतं. करांगजातीत मोजणी दहा ऑक्टोबरला. "तू तिकडे निवांत काम कर," भाऊ म्हणाला, "माझ्याकडे पावती आहे, मी सगळं उरकतो."

पोनिरा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, फोन स्पीकरवर होता. तिनं लाटणं खाली ठेवलं. फोनवर दोनच शब्द बोलली आणि बंद केला.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"आकू बाली. मी येते." आणि मग माझ्याकडे वळून, "मॅडम, दहा तारीख. मी जायचं. आठ दिवस. मोजणीला जो बांधावर उभा, शेजारी ज्याला हो म्हणणार, कागद त्याचा. खलास."

आता आमच्या घरची परिस्थिती सांगते. त्या वर्षी हिवाळा सरल्यावरही आमच्याकडेच राहिलेल्या सासूबाई ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या नुपूरच्या खोलीत पलंगावर आडव्या. त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं, उठवून चार पावलं चालवायचं, हे सगळं पोनिरा करत होती. विजयच्या मेट्रोची स्टेशनं हातघाईवर आली होती. तो घरी फक्त झोपायला यायचा. त्यात इंडोनेशियानं आखातात घरकामाला बायका पाठवणं बंद केलं होतं. सुट्टीवर गेलेल्या बाईला परत निघताना तिकडच्या विमानतळावर अडवतात, असं पोनिराच्या मैत्रिणी सांगायच्या. म्हणजे आठ दिवस म्हणून गेलेली पोनिरा परत आली नसती, असंही होऊ शकत होतं.

आणि तिचं जाणं आमच्या हातात होतं. घरकामाच्या माणसाला मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नसे. परवानगी म्हणजे विजयच्या मोबाईलवर एक बटण.

खोटं कशाला बोलू? विजय पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जाऊ दे तिला." मीच त्याला थांबवलं. म्हटलं, तुझ्या आईचं भांडं कोण देणार, तू की मी? त्यानं फोन खिशात टाकला. मग मी पोनिराला समजूतदारपणे सांगितलं की दहा तारखेला नाही जमणार, भावाशी व्हिडिओवर बोलून घे, हवं तर वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवू, मोजणीचं नंतरही दुरुस्त होतं. शेवटी सवयीनं म्हणाले, "वर्ल्ड कपपर्यंत थांब, मग आम्हीच तुला कायमचं पाठवू, व्यवस्थित."

"मॅडम," ती म्हणाली, "मोजणी वर्ल्ड कपसाठी नाय थांबत."

"आणि तुला परत येऊ दिलं नाही तर?"

"तर नाय येणार."

इतकं साधं बोलली ती. चार वर्षं माझ्या घरात राबलेली बाई, आणि मला वाटत होतं की आमच्याशिवाय तिचं पान हलत नाही.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. रडली नाही, तोंड पाडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं घर तिच्याविना चालवायची तयारी सुरू केली, मला न विचारता. सासूबाईंच्या औषधांचा तक्ता भिंतीवर लागला. सकाळच्या गोळ्यांपुढे सूर्य, रात्रीच्या गोळ्यांपुढे चंद्र. फ्रीझरमध्ये वाटणाचे डबे वाढायला लागले. अल मन्सूरातली सितारा, जिचं तासावर काम करणं आम्हाला ओळखीतून माहीत होतं, तिला बोलावून पोनिरानं सकाळच्या वेळेचं ठरवून टाकलं. नुपूरला दुहेरी चादर कशी सरकवून आजीला कुशीवर घ्यायचं ते शिकवलं. नुपूर म्हणाली, "इट्स सो ईझी, मम्मा, तू पण शिक ना." मग मी शिकले. विजयलाही शिकवलं. जमिनीखाली बोगदे काढणाऱ्या माणसाला पलंगावरची चादर चार कोपऱ्यांत खोचता येईना, आणि सासूबाई पलंगावरून हसत होत्या.

मी बघत होते. मला राग येत होता, आणि तो तिच्यावर नव्हता हेही कळत होतं. तरी तोंडातून 'जा' निघत नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा दादानं पाठवलेलं एक पाकीट पडलं होतं. हक्कसोडीतून रस्त्याकडची दहा गुंठ्यांची पट्टी चुकून राहिली होती. तिच्यासाठी नवा कागद करून पाठवला होता, वकिलातीत जाऊन सही करून पाठव म्हणून. मी ते पाकीट उघडून परत बंद केलं होतं. का केलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर सासूबाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. पोनिरा बाहेर कपडे वाळत घालत होती.

"विज्या, तिचा कागद केला का?"

विजयनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही अशा पडलेल्या..."

"मी पडली म्हणून तिचं शेत जाऊ द्यायचं व्हय?" सासूबाईंचा आवाज चढला. "तुझा बाप गेला तवा चुलत्यांनी बांध कोरायला घेतला. रोज एक कुदळ. मी तीन दिस बांधावर बसली, तुला पाठीशी बांधून. तिथंच खाल्लं, तिथंच निजली. घरात बसली असती तर झाला असता का तू इंजिनेर?"

"माझं ढुंगण धुवायला कोणीबी भेटंल," सासूबाई म्हणाल्या, आता माझ्याकडे बघत. "तिच्या बांधावर तिच्याबिगर कोण उभं राहील? तू सांग."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, दुसरं काही नाही. मी विजयचा फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "दाब." त्यानं दाबलं. पोनिराला बोलावून दाखवलं तर ती विजयचे आभार मानत म्हणाली, "शुक्रन, बाबा. मी बॅग भरलेली हाय." बॅग आठवड्यापूर्वीच भरून पलंगाखाली ठेवली होती म्हणे. परवानगी मिळाली नसती तर तू काय केलं असतंस, असं मी नंतर कितीदा विचारलं, त्याचं उत्तर तिनं कधी दिलं नाही.

पुढचं सगळं तिनं आम्हाला व्हिडिओवरून सांगितलं, बारा तारखेला, बांधावर उभं राहून. सासूबाईंच्या पलंगाभोवती आम्ही तिघं बसलो होतो.

आठ तारखेला ती गावात पोचली. तुकिमाननं चहा दिला, भावजयीनं पाय धुवायला पाणी दिलं. उगाच एवढा खर्च केलास, असं सगळे म्हणाले. ती शेताकडे गेली तर चारही कोपरे साफ. लाल झाडं उपटलेली, बांधाला नवा चिखल लिंपलेला. सात वर्षं ती झाडं तिथे होती.

"भांडलीस का?" विजयनं विचारलं.

"नाय. भांडून काय? त्याच्या हातात पावती."

ती शेजाऱ्यांकडे गेली. चौघंही तिच्याशी गोड बोलले, कुणी शेताचं नाव काढलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? तुकिमान रोज त्यांच्या बाजूला उभा असतो, पाण्याची पाळी त्याच्याशी वाटून घ्यावी लागते. पोनिरा आठ दिवसांची पाहुणी. तिच्या बाजूनं बोलायचं आणि नंतर वर्षभर कोरड्या शेतात बसायचं, हे कोण करील?

नऊ तारखेला तिनं तांदूळ भिजवले, नारळ खोवले, हळद वाटली. भावजयीच्या चुलीवर नाही. आईच्या बंद घराची चूल पेटवून. दहा तारखेला मंगळवार होता आणि तिच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन, तिचा स्वतःचा दिवस. उजाडताना ती पिवळ्या भाताची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर गेली. केळीची पानं मांडली. सहा पानं: चार शेजाऱ्यांची, एक देवी श्रीचं आणि एक तुकिमानचं. मग उभी राहून तिनं चौघांना नावानं हाका मारल्या, जेवायला या.

कुणी आलं नाही. आपापल्या शेतात वाकून राहिले. मोजणीवाले वरच्या पायरीपासून खाली येत होते, तीन पायांचं यंत्र घेऊन, एकेका शेतात थांबत. तुकिमान प्लॅस्टिकच्या पिशवीत पावती घेऊन त्यांच्यामागे. ऊन चढलं. पानांवर माश्या बसायला लागल्या. पोनिरा एका हातानं माश्या वारत उभी, आणि थोड्या थोड्या वेळानं चौघांची नावं घेऊन हाका मारत.

"लाज नाय वाटली?" सासूबाईंनी विचारलं.

"लई वाटली, आई. पण उभी राहिली."

मोजणीवाले तिच्या शेतापाशी आले. अधिकाऱ्यानं विचारलं, हे कुणाचं? तुकिमाननं पिशवी पुढे केली. अधिकाऱ्यानं पावती वाचली, वही बघितली आणि रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांना बोलावलं. आता यावंच लागलं. तिघं येऊन बांधावर उभे राहिले, मान खाली. चौथी होती पूर्वेकडच्या शेताची सादियेम आजी, ऐंशीच्या पुढची. ती काठी टेकत आली आणि उभं राहवेना म्हणून खाली बसली, नेमकी केळीच्या पानापुढे. समोर भात होता. आजीनं चार बोटांनी घास घेतला, चावला आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "पोनिरा, मीठ कमी आहे. मागच्या वेळी बरोबर होतं."

अधिकारी तरुण होता, शहरातला. त्यानं सहज विचारलं, "मागच्या वेळी म्हणजे कधी, आजी?"

"तिनं हे शेत घेतलं तेव्हा," आजी म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

पोनिरा सांगत होती तेव्हा फोनमागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. आजीनं खाल्ल्यावर उरलेल्या तिघांना उभं राहणं कठीण झालं. एक बसला, मग दुसरा. तिसऱ्यानं तुकिमानकडे एकदा बघितलं आणि तोही बसला. सगळे मागच्या वेळी इथेच जेवले होते; आता अन्न समोर असताना खोटं कसं बोलायचं? अधिकाऱ्यानं एकेकाला नाव विचारलं, शेत कुणाचं ते विचारलं आणि लिहून घेतलं.

तुकिमान पिशवी घेऊन उभाच होता. पोनिरा त्याला म्हणाली, "दादा, शेत तूच कस. अर्धं पीक तुझं, आहे तसंच. नाव माझं. तुझं पान मांडलंय, बस."

"बसला का?" आम्ही तिघांनी एकदमच विचारलं.

"लई वेळ उभा होता," पोनिरा म्हणाली. "मग बसला. खाल्लं. मीठ कमी हाय म्हणाला."

सासूबाईंनी पलंगावरच टाळी वाजवली आणि खुबा दुखला म्हणून ओरडल्याही.

मग पोनिरानं फोन फिरवून आम्हाला तिचं शेत दाखवलं. उपटलेली झाडं तुकिमाननं गोठ्यामागे फेकली होती. त्यांची खोडं अजून ओली होती. तिनं वीत वीत लांबीचे तुकडे करून चारही कोपऱ्यांत पुन्हा रोवले होते. पान एकही नव्हतं, नुसत्या काटक्या. फुटतील, ती म्हणाली, हे झाड मरत नाही.

पुढचं वाक्यही तिनं त्याच सुरात सांगितलं. "मॅडम, मी परत नाय येत. दाखला हातात येईपर्यंत इथेच उभी राहणार."

मला दोन दिवस तिचा संताप आला होता, हे कबूल करते. तिचे कपडे, तिचा पगार, तिची भाजी चिरायची सुरी, सगळं इथे. मग तिसऱ्या दिवशी सासूबाईंना कुशीवर घेताना चादर मी बरोबर सरकवली आणि माझा राग ओसरला. तिचा पगार आणि सामान आम्ही पाठवून दिलं. सुरी मात्र मी ठेवून घेतली. तिनं ती सूक वाकिफच्या बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणली होती, म्हणून तिला विचारून ठेवली.

फेब्रुवारीत दाखल्याचा फोटो आला. त्यातली भाषा मला येत नाही, पण नाव वाचता आलं. पोनिरा. एवढंच एक नाव, तिथे बऱ्याच जणांना आडनाव नसतं. पाठोपाठ तिचा व्हिडिओ कॉल आला. कोपऱ्यांतल्या काटक्यांना लाल कोंब फुटले होते. माझ्यामागे आमचं उघडं दार दिसत होतं आणि दाराबाहेर ती कुंडी, चार वर्षांहून जास्त तिथेच.

"मॅडम, माझी कुंडी अजून हद्दीवर हाय," ती हसत म्हणाली. मग तिनं तोच जुना प्रश्न विचारला. "तुमचं शेत कुठे?"

या वेळी मला राग आला नाही. फोन ठेवल्यावर मी खणातून दादाचं पाकीट काढलं. सहीची जागा कोरी होती. दिंडोरीची मोठी जमीन मी देऊन बसले होते, त्याबद्दल आता काही करता येणार नव्हतं. पण ही दहा गुंठ्यांची पट्टी अजून बाबांच्या नावावर होती, म्हणजे माझीही. मी दादाला फोन लावला.

"विभा! सही पाठवलीस का?" दादा म्हणाला. "पुढच्या महिन्यात त्या पट्टीची मोजणी लावलीय. कागद तोपर्यंत आला तर बरं."

"मोजणी कधी?"

"बारा मार्चला. का?"

"मी येतेय."

"अगं, कशाला? एवढ्या लांबून? मार्चमध्ये ऊन असतं, शेतात उभं राहायचं, तुला कुठे सवय आहे! तू फक्त सही..."

"सही नाही करत, दादा," मी म्हटलं. "मी येतेय. भात करून आणते, शेजारच्या सगळ्यांना बांधावर जेवायला सांग. तुझंही पान मांडते."